हवेची तारीख

हवा ही स्फोटक वस्तू आहे. हे माझं मत नाही, भारत सरकारचं आहे. माझं मत विचाराल तर हवा ही फुकट वस्तू आहे, आणि आमच्या चंद्रपूरला ती फुकटातही महाग पडते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, तेव्हा आमचं गाव चौथं आलं होतं. शाळेत माझा कधी चौथा नंबर आला नाही, त्यामुळे ती बातमी वाचताना छाती भरून आल्यासारखं झालं. थोड्या वेळानं कळलं की तो अभिमान नव्हता, खोकला होता.

तर सरकारी मताबद्दल सांगत होतो. १८८४ साली इंग्रजांनी स्फोटकांचा कायदा केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बंदुकीची दारू आणि सुरुंग होते. पुढे वायू दाबून भरलेले लोखंडी सिलिंडर आले आणि अधूनमधून फुटू लागले. त्यांच्यासाठी वेगळा कायदा करायचा म्हणजे दगदग. म्हणून १९३८ साली एक अधिसूचना निघाली. धातूच्या भांड्यात दाबून किंवा द्रवरूप करून भरलेला कुठलाही वायू हा स्फोटक समजावा! कायद्यात ‘समजावा’ हा शब्द आला की माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला हायसं वाटतं. आमच्याही हिशेबात निम्म्या गोष्टी असलेल्या नसतात, समजायच्या असतात. मग १९४० साली गॅस सिलिंडरचे नियम झाले, ते १९८१ साली नवे झाले, २००४ साली आणखी नवे झाले आणि २०१६ साली पुन्हा एकदा. पण मूळ समजूत तीच राहिली. तुम्हीआम्ही घेतो तीच हवा, लोखंडात कोंबली की स्फोटक.

हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण एवढंच की, वायू भरण्याच्या एका धंद्याचं कर्जप्रकरण आमच्या शाखेत आलं होतं आणि त्या फायलीत नियमांची प्रत जोडलेली होती. अशा प्रती वाचायच्या नसतात, त्यांना टॅग लावायचा असतो. पण त्या दिवशी दुपारभर वीज गेलेली, सर्व्हर बंद, काउंटरवर कोणी नाही. मी ती प्रत कादंबरीसारखी वाचून काढली. कादंबरीपेक्षा तिचं एक बरं असतं, शेवटी कोणाचं लग्न होत नाही.

ह्या नियमांची अंमलबजावणी करणारं खातं १८९८ सालापासूनचं. पूर्वी त्याला विस्फोटक विभाग म्हणत, आता पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना म्हणतात, आणि एवढं म्हणायला दम पुरत नाही म्हणून ‘पेसो’ म्हणतात. त्याचं मुख्यालय कुठे असावं? नागपूरला! सेमिनरी हिल्सवर. आमच्यापासून दीडशे किलोमीटर. म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कुठेही कोणी सिलिंडर भरो, त्याची नाडी नागपूरच्या मुख्य विस्फोटक नियंत्रकांच्या हातात. त्यात समुद्राच्या तळाशी बुड्या मारणारांच्या पाठीवरचे सिलिंडरही आले. ज्या गावात अंबाझरीचा तलाव म्हणजे पाण्याची कमाल, त्या गावातून देशाच्या पाणबुड्यांच्या श्वासावर देखरेख चालते, ह्याचं मला फार कौतुक वाटतं. नागपूरला झीरो माईलचा खांब आहेच. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, दोन्हींपासून लांब. कुठल्याच समुद्राशी लागेबांधे नकोत, म्हणूनच बहुधा ही व्यवस्था असावी.

आता ह्या विषयात माझा जीव का गुंतावा? तर आमच्या भाच्यामुळे.

भाचा पुण्याला नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की घरी येण्याऐवजी समुद्रावर जातो. मध्यंतरी तो तारकर्लीला जाऊन स्कूबा करून आला. आमच्या वेळी माणसं तीर्थयात्रा करून येत, आता स्कूबा करून येतात. दोन्हींत बुडी मारावी लागते, एवढंच साम्य. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, आणि मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर होड्या घेऊन बसलेली मंडळीही आहेत. दिवाळीत भाच्यानं मोबाईलवर फोटो दाखवले. निळं पाणी, पिवळे मासे, मध्ये गॉगल लावलेला भाचा आणि त्याच्या पाठीवर सिलिंडर. सगळं घर मासे पाहत होतं. मी बोटांनी फोटो मोठा करत होतो.

“मामा, एवढं काय पाहून राहिले?”

“मान पाहतोय.”

“माझी?”

“सिलिंडरची.”

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या मुलाची पत्रिका मागितली. पण एका अर्थी मी पत्रिकाच मागत होतो. सिलिंडरच्या मानेवर त्याची सगळी कुंडली ठोकलेली असते. कोणी बनवला, नंबर काय, आत पाणी किती मावतं, दाब किती सोसतो, कितीवर तपासला, शेवटचा कधी तपासला आणि कोणी तपासला. आमच्या काउंटरवर चेक आला की मी जसा आधी रक्कम पाहत नाही, तारीख पाहतो, तसंच हे. २०१२ सालापासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. त्यानंतर तो कितीही मोठ्या माणसाच्या सहीचा असो, कागद आहे. तसा मुदत टळलेला सिलिंडर म्हणजे नुसतं लोखंड आहे. फरक इतकाच की चेक परत गेला तर फुटत नाही. फुटतो तो गिऱ्हाईक.

फोटोत मान काही दिसली नाही. तिथे एक मासा आडवा आला होता.

“कोणी भरला होता रे तो सिलिंडर?”

“मामा, मी श्वास घ्यायला गेलो होतो, चौकशी करायला नाही.”

उत्तर चांगलं होतं, म्हणून मी त्याला समजावून सांगायला घेतलं. पाठीवरचा तो सिलिंडर दिसायला आपल्या घरच्या पिंपाएवढाही नसतो. आत जेमतेम १२ लिटर पाणी मावेल. पण त्यात हवा भरतात ती २०० बार दाबानं. मोटारीच्या चाकात असते ती दोनेक बार. म्हणजे चाकाच्या शंभरपट. मोकळी सोडली तर ती हवा २४०० लिटर भरेल. मी हिशेब करून पाहिला, आमच्या घरातल्या गोदरेजच्या कपाटासारखी जवळजवळ तीन कपाटं भरतील एवढी हवा त्या बापड्यानं पोटात दडवलेली असते. आता तीन कपाटांचा ऐवज एका पिशवीत कोंबून कोणी आमच्या लॉकरमध्ये ठेवायला आणला, तर आम्ही निदान पिशवीची शिवण तरी पाहू की नाही?

ही युक्ती तशी जुनी नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो नावाचा नौदलातला अधिकारी आणि गान्यां नावाचा इंजिनिअर ह्या दोघांनी मिळून ती बसवली. गान्यांनं वास्तविक ती झडप मोटारीसाठी तयार केली होती. महायुद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालत, आणि इंजिनानं मागितला की मागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप हवी होती. कूस्तोनं ती इंजिनाऐवजी तोंडाला लावली. माणसानं श्वास ओढला की झडप उघडते, थांबवला की मिटते. मागितल्याशिवाय द्यायचं नाही आणि मागितलं की अडवायचं नाही, हे तत्त्व आमच्या कर्ज विभागाला अजून जमलेलं नाही.

सिलिंडरची तपासणी करतात ती फार मजेशीर असते. हवेनं तपासत नाहीत, पाण्यानं तपासतात. कारण हवा दाबली जाते आणि फुटली की तुकडे उडवते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडर फुटलाच तर नुसता चिरकतो. सिलिंडर पाण्यानं भरायचा, पाण्याच्याच टाकीत बसवायचा आणि नेहमीच्या दाबाहून बऱ्याच जास्त दाबाखाली ताणायचा. ताणला की तो किंचित फुगतो. लोखंडही फुगतं, आपल्याला दिसत नाही एवढंच. मग दाब सोडायचा आणि पाहायचं, तो पहिल्या मापावर परत आला का. आला तर पास. ठरलेल्या हद्दीबाहेर फुगलेलाच राहिला तर नापास.

हे वाचताना माझा हात नकळत पोटावर गेला. लग्नात शिवलेला सूट, त्यानंतरची वीस वर्षं, दरवर्षीची दिवाळी. दाब सुटला की मूळ मापावर परत येणं आमच्याकडून केव्हाच थांबलं होतं.

नियमांत आणखी एक कलम आहे. सिलिंडरचं वजन मूळच्या वजनापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त घटलं, तर तो बाद. गंजानं आतून खाल्लेला असतो. बाद म्हणजे कोपऱ्यात ठेवायचा नाही, चेपून सपाट करायचा किंवा तुकडे करायचे, आणि तुकडेही असे की पुन्हा जोडून सिलिंडर करता येऊ नये. ह्या कलमामागे सरकारला आपल्या जनतेचा फार जवळचा परिचय दिसतो. मी हे घरात वाचून दाखवलं. सौभाग्यवती त्या महिन्यात सकाळी कोमट पाणी आणि मध घेत होत्या.

“म्हणजे फुगला तरी बाद आणि वाळला तरी बाद?”

“हो.”

“मग राहायचं तरी कसं बाई त्यानं?”

मधाची बाटली दुसऱ्या दिवसापासून दिसली नाही.

गंजाचा आणखी एक गुण मला आवडला. आवडला म्हणजे, आमच्या व्यवसायातला वाटला. ओल राहिलेला पोलादी सिलिंडर भरून बरेच महिने पडून राहिला, तर आतला गंज हवेतला प्राणवायू खात बसतो. दाब बहुतेक होता तसाच दिसतो, काटा सगळं ठीक म्हणून सांगतो, पण श्वासाला लागणारा ऐवज कमी झालेला असतो. पतसंस्थांमध्ये असे प्रकार होतात. फक्त तिथे गंजाला खजिनदार म्हणतात.

आणि तारीख बरोबर असली तरी काम संपत नाही. आत कोणती हवा भरली? हवा भरण्याच्या यंत्राचं तोंड जर चालू डिझेल इंजिनाच्या धुराड्याजवळ असलं, तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस वर असला तर डोकं दुखून निदान खाली बसेल, खोल पाण्यात बसायचं कुठे? म्हणून सिलिंडर भरण्याच्या जागेला परवाना लागतो, सिलिंडर तपासणाऱ्या जागेला मान्यता लागते, बाहेरदेशाहून सिलिंडर आणला तर त्यालाही नागपूरची मंजुरी लागते. आमच्याकडे पंक्चरवाल्याच्या पाटीवर ‘येथे हवा भरून मिळेल’ असं लिहिलेलं असतं. कोणती, ते कोणी विचारत नाही.

२०२१ साली राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आणि लगेच २०२२च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. त्यात सिलिंडरचा काही दोष नव्हता. पण आमच्या ताईनं तेव्हापासून समुद्र ह्या विषयावर बंदी घातली आहे, आणि भाचा तिला ‘ऑफिसच्या कामाला चाललो’ असं सांगून जातो. मला मात्र खरं सांगतो. मी रागावत नाही, फक्त मानेचा फोटो मागतो, ह्याची त्याला खात्री आहे.

आमच्याकडे पाण्याखाली जाणारी माणसं पूर्वापार आहेत, ती म्हणजे ढिवर. रामाळा तलावात किंवा वैनगंगेच्या डोहात काही पडलं, कोणी बुडालं, की आधी ढिवरवाड्यात माणूस जातो. सिलिंडर नाही, झडप नाही. छातीत मावेल तेवढी हवा घ्यायची आणि जायचं. त्यांच्या छातीवर कोणी तारीख ठोकत नाही. लहानपणी असा एक म्हातारा बुडी मारून किती वेळ राहतो, ते आम्ही काठावर उभे राहून मोजत असू आणि मोजता मोजता आमचाच श्वास अडकत असे.

असो. स्कूबाचं सोडा, ते हजार किलोमीटरवर आहे. पण तारखेचा हा नाद लागल्यापासून मी घरचा स्वयंपाकाचा सिलिंडरही सोडत नाही. त्याच्या मुठीखालच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जूनपर्यंत, सी सप्टेंबर आणि डी डिसेंबर. ‘बी २८’ असेल तर २०२८च्या जूनपर्यंत त्याची पुढची तपासणी व्हायला हवी. पुष्कळांना वाटतं ती गॅसची तारीख आहे. आमच्या शेजारच्या काकू तर तारीख जवळ आली की भराभर पुरणपोळ्या करून गॅस संपवायला निघाल्या होत्या. तारीख गॅसची नसते, लोखंडाची असते. सिलिंडर पोचवणाऱ्या मुलाला मी पहिल्यांदा थांबवून मान वाचली, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, वजन पाहणारे पाहिले मी, मान पाहणारे तुम्ही पहिलेच.” आता तो लांबूनच ओरडतो, “डी आहे जी, डी!” आणि सगळ्या गल्लीला वाटतं, मी इंग्रजी शिकवणी घेतो.

नियमाचं एक कलम आहे की, सिलिंडर थंड, कोरड्या, हवेशीर जागी, सावलीत ठेवावेत. हे नागपुरात बसूनच लिहिलं असेल तर लिहिणारा संत असला पाहिजे. मे महिन्यात चंद्रपूरला पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला जातो. कोरडी जागा हवी तेवढी आहे. थंड जागा आमच्या शाखेत एकच, मॅनेजरसाहेबांची केबिन, आणि तिथे ते स्फोटक नको म्हणतात.

आणि त्याच उन्हात चैत्राची महाकालीची जत्रा. जत्रेत तुम्ही फुगेवाला पाहिला असेल. त्याच्या शेजारी एक ठेंगणा, काळा, वाकड्या मानेचा सिलिंडर उभा असतो. त्यात पुष्कळदा बाहेरून भरलेला वायू नसतोच. आत कॉस्टिक सोडा, पाणी आणि अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे घालायचे की आतल्या आत हायड्रोजन तयार होतो. म्हणजे कारखाना, गोदाम आणि विक्रीकेंद्र, सगळं एका गोणपाटावर. बाजूला भज्याची कढई पेटलेली. परवाना विचारायला येणारा अधिकारी आलाच तर त्याच्या कडेवर मूल असतं आणि मुलाला लाल फुगा हवा असतो. माझ्याही मुलीनं हट्ट केला होता. मी त्या सिलिंडरची मान वाचायला वाकलो तर फुगेवाला म्हणाला, “दहाचा एक, पंचवीसचे तीन.” मानेवर काहीच नव्हतं. असलंच तर गंजाखाली होतं. मी मुलीला पिपाणी घेऊन दिली. पुढचे आठ दिवस घरात स्फोट बरा, अशी परिस्थिती होती.

तुम्ही म्हणाल, मग नागपूरचं एवढं मोठं खातं करतं काय? मलाही हा प्रश्न पडायचा. देशात कोट्यवधी सिलिंडर, आणि अधिकारी मोजके. प्रत्येक सिलिंडरमागे माणूस लावायचा म्हटलं तर सेमिनरी हिल्सला अख्खं नागपूर राहायला न्यावं लागेल. पण नियम नीट वाचले की कळतं, सरकारनं ते काम भरणाऱ्याच्या गळ्यात घातलं आहे. तारीख टळलेला सिलिंडर भरायचा नाही, हे भरणाऱ्यावर बंधन. रिझर्व्ह बँक काही आमच्या काउंटरवर येऊन बसत नाही. चेकची तारीख मी पाहायची. मी पाहिली तर रिझर्व्ह बँक आहे, नाही पाहिली तर ती मुंबईत एक उंच इमारत आहे.

हे मला ज्यानं समजावलं, त्याचं नाव मला अजून ठाऊक नाही.

२०२१चा एप्रिल. चंद्रपूरच्या दवाखान्यांत पलंग मिळत नव्हते. आमचे धाकटे काका घरीच होते, बोटाला लावायच्या त्या चिमट्यावर ८८ आकडा दाखवत होते आणि तशातही टीव्हीवर कोण खोटं बोलतंय ते सांगत होते. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन मिळवा. वेल्डिंगचं वर्कशॉप असलेल्या एका खातेदारानं न मागता स्वतःचा सिलिंडर दिला. मोठा, ज्याला जम्बो म्हणतात तो, काळा, डोक्यावर पांढरा. रिकामा होता, पण मिळाला हेच खूप. त्या काळात माणसं देवळापेक्षा वेल्डिंगच्या दुकानांना जास्त हात जोडत होती. नायट्रोजन आणि आर्गॉनचे सिलिंडरसुद्धा आतून साफ करून, झडप आणि रंग बदलून ऑक्सिजनसाठी वापरायला पेसोनं मुभा दिली होती, इतकी ओढाताण होती.

मालवाहू रिक्षात सिलिंडर घालून, डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घेऊन गावाबाहेरच्या एका भरण्याच्या प्लांटवर मी रात्री नऊला रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा एक वाजून गेला होता. भरणारा माणूस माझ्याच वयाचा असेल. तोंडाला मास्क, त्यावर गमछा, डोळे तेवढे लाल दिसत होते. त्यानं सिलिंडर गोल फिरवला, मोबाईलचा दिवा मानेवर धरला आणि तो बाजूला ठेवला.

“हे नाही भरत जी मी.”

“काऊन?”

“तारीख गेली याची. दोन वर्षं झाले.”

वीस वर्षं हे वाक्य मी काउंटरच्या आतून बोलत आलो होतो. बाहेरून ते कसं ऐकू येतं, ते त्या रात्री प्रथम कळलं. आणि गंमत म्हणजे, वीस वर्षांत गिऱ्हाइकांनी मला जे जे ऐकवलं होतं, ते सगळं माझ्या तोंडून ओळीनं बाहेर पडायला लागलं. एक वेळ चालवून घ्या. आजवर काही झालं नाही. तुमच्या मालकांशी बोलू का? मी बँकेत आहे. शेवटी तर, “माणसाच्या जिवापेक्षा तारीख मोठी आहे का?” हेही म्हणालो. पेन्शनच्या दिवशी हे वाक्य मला हटकून ऐकायला मिळतं.

तो माणूस चिडला नाही. पुढचा सिलिंडर ओढता ओढता म्हणाला, “भाऊ, तुमच्या घरी पोचल्यावर तो नाही फुटत. फुटला तर इथं फुटते, भरताना. आन् भरताना मी उभा राहतो याच्यापाशी. माझ्यामागं ही सगळी लाईन आहे.”

मी मागे वळून पाहिलं. रांग फाटकाच्या बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. कोणी सिलिंडरला टेकून उभं होतं, कोणी त्यावर डोकं ठेवून झोपलं होतं. एकही माणूस बोलत नव्हता. हा माणूस नियम बोलतो आहे असं मला वाटत होतं. तो हिशेब बोलत होता, आणि हिशेब बरोबर होता.

रांगेत माझ्या मागे एक खेड्यावरचा गृहस्थ होता, सावली की मूल, कुठलासा. त्याच्या छोट्या टेम्पोत दोन सिलिंडर होते. तो पुढे आला आणि म्हणाला, “माझे दोन आहेत. एक आता घेऊन जा. माझ्या बाबाले एक सकाळपर्यंत पुरते. उद्या दुपारपर्यंत भरून आणून द्या.” जामीन नाही, तारण नाही, नाव-पत्ता नाही. अशा अटीवर कर्ज मंजूर केलेलं मी नोकरीत एकदाही पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपवाल्यानं त्याच्या ओळखीच्याकडून तारखेतला एक सिलिंडर मिळवून दिला आणि ह्यांचा मी भरून, दुपारी बाराला, ठरल्या जागी पोचता केला. काका तीन आठवड्यांनी उठून बसले. आजही टीव्हीवर कोण खोटं बोलतंय ते सांगतात, आणि आता आवाजही पूर्ववत आहे.

पण त्या रात्री, सिलिंडर भरून रिक्षात चढवल्यावर, माझ्यातला कारकून काही राहवेना. मी डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या मागे रीतसर लिहिलं, ‘एक सिलिंडर, भरलेला, परत करण्याच्या बोलीवर मिळाला,’ खाली सही, तारीख आणि मोबाईल नंबर, आणि फाडून त्या गृहस्थाच्या हातात दिलं. त्यानं ते न वाचताच खिशात घातलं आणि दोर घट्ट बांधायला मदत करू लागला. मी मोबाईलचा दिवा लावून सिलिंडरची मान वाचली.

“काय पाहून राहिले जी?” त्यानं विचारलं.

“तारीख.”

“आहे न?”

“आहे,” मी म्हणालो. “अजून तीन वर्षं आहे.”